नळीतून सतत चालणाऱ्या फीडवरून बोलस फीडकडे जाताना: घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे आणि कोल्हापुरात नळीवर असलेल्या पेशंटचं फीड ठरवणं हे माझं रोजचं काम आहे. राइल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घातलेला किंवा पेग (पोटावरच्या भोकातून थेट जठरात जाणारी नळी) बसवलेला माणूस घरी न्यायची वेळ आली की आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलेले नातेवाईक जे विचारतात, ते इथं एकत्र लिहिलं आहे. शहरातले असोत नाहीतर गारगोटी, चंदगड, शाहूवाडीकडून आलेले असोत, प्रश्न तेच असतात.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते, कारण ती चुकली की बाकीचं सगळं चुकतं. हा बदल दवाखान्यात असतानाच, डिस्चार्जच्या निदान तीन-चार दिवस आधी सुरू व्हायला हवा. आणि घरी जो फीड देणार आहे, सिरिंज त्याच्याच हातात हवी, फक्त सिस्टरांच्या नको.

इथले आकडे मोठ्या माणसांसाठी आहेत. लहान मुलांचा हिशोब पूर्ण वेगळा असतो. तुमच्या पेशंटचा आकडा मात्र त्याच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी ठरवलेलाच धरायचा.

सतत फीड आणि बोलस फीड यात नेमका फरक काय?

सतत फीड पंपावर किंवा ड्रिपवर दिवसभर थेंबथेंब चालतं. तासाला साधारण ५० ते ७० मिली, २० ते २४ तास. बोलस म्हणजे आपण जेवतो तसं: ठरलेल्या वेळी २०० ते ३०० मिली, १५ ते २० मिनिटांत, दिवसातून पाच-सहा वेळा. या दोन्हींच्या मधलाही एक प्रकार आहे. त्यात तेवढंच फीड पिशवीतून अर्धा ते एक तास सोडतात. पुष्कळ पेशंटना शेवटी हाच मानवतो आणि त्यात काही कमीपणा नाही.

आयसीयूत सतत देत होते ते चांगलं होतं, मग आता बदलायचं कशाला?

आयसीयूत पोट मंदावलेलं असतं. झोपेची औषधं, वेदना कमी करणारी औषधं, आजाराचा ताण, या सगळ्यामुळे जठर वेळेवर रिकामं होत नाही. अशा पोटात एकदम पाव लिटर ओतण्यापेक्षा थेंबथेंब सोडणं सोसतं. युरोपातल्या एस्पेन या संस्थेच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांतही अतिदक्षता विभागात बोलसऐवजी सतत फीड द्यावं असंच म्हटलं आहे. सतत फीडवर जुलाब कमी होतात, हे त्यामागचं एक कारण.

पण पेशंट सावरला, बीपी स्थिर झालं, उलट्या नाहीत, पोट मऊ आहे, शौचाला होतंय, की चित्र बदलतं. जठर मुळात पिशवी आहे. अन्न साठवायचं आणि थोडं थोडं पुढं ढकलायचं हेच त्याचं काम. वेळेवर फीड मिळालं की ते काम पुन्हा सुरू होतं आणि पित्ताशयही जेवणाच्या वेळेप्रमाणे आकुंचन पावायला लागतं.

आणि माणूस मशीनपासून सुटतो. मंगळवार पेठेतल्या एका घरी पक्षाघात झालेले आजोबा होते. पंपावर असताना त्यांची खाट आणि भिंतीतलं प्लगचं बटण, एवढंच त्यांचं जग झालं होतं. बोलस जमल्यावर सकाळी दहाचं फीड झालं की तासाभरानं त्यांना चाकाच्या खुर्चीतून सोप्यात आणायचे. दोन फीडच्या मधल्या वेळात फिजिओथेरपी, अंघोळ, गल्लीतल्या माणसांशी रामराम. त्यांचा उजवा हात त्या महिन्यात हलायला लागला. फीडमुळे हलला असं मी म्हणणार नाही, पण व्यायामाला सलग मोकळा वेळ त्यामुळेच मिळाला.

कुणाला बोलस अजिबात द्यायचं नाही?

ज्यांच्या नळीचं टोक जठरात नसून लहान आतड्यात आहे, त्यांना. ही गोष्ट लक्षात ठेवाच. पॅनक्रियाटायटिसनंतर (स्वादुपिंडाला सूज आल्यावर) किंवा जठराच्या ऑपरेशननंतर अनेकदा नळी आतड्यापर्यंत नेलेली असते. नाकाबाहेर दिसणारी नळी सारखीच दिसते, त्यामुळे घरच्यांना कळत नाही. आतड्याला पिशवी नाही. तिथं एकदम फीड गेलं की घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते, जुलाब होतात. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नळीचं टोक कुठं आहे ते लिहून घ्या. 'एनजे' (नाकातून लहान आतड्यात) किंवा 'जेजुनोस्टॉमी' (पोटावरून लहान आतड्यात) असं दिसलं तर फीड पंपावर किंवा ड्रिपवरच.

याशिवाय वारंवार उलट्या होणारे, जुन्या मधुमेहामुळे जठराची हालचाल मंदावलेले, आधी एकदा फीड फुफ्फुसात गेलेले आणि बीपी टिकवण्यासाठी औषधाच्या ड्रिपवर असलेले पेशंट. यांच्या बाबतीत डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा.

बदल प्रत्यक्षात कसा करतात?

एक उदाहरण घेऊ. ५५ किलोच्या माणसाला तासाला ६० मिलीनं २४ तास फीड चालू आहे. दिवसाचं झालं १४४० मिली. एका मिलीत एक किलोकॅलरी असलेलं फीड असेल तर १४४० किलोकॅलरी. वजनाच्या किलोमागे २५ ते ३० किलोकॅलरी धरल्या तर या माणसाची गरज १३७५ ते १६५० येते, म्हणजे मेळ बसतो. प्रोटीनही बघायचं: किलोमागे १.२ ग्रॅम धरलं तरी ६६ ग्रॅम लागतं. डब्यावर वाचा आणि जुळवा.

आता दर चार तासांचं फीड किती? २४० मिली. हेच आपलं बोलस. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० आणि २.

माझी पद्धत अशी की फीड कमी करायचं नाही, वेळ आवळत न्यायचा. पहिल्या दिवशी २४० मिली दोन तासांत सोडायचं आणि पुढचे दोन तास पोटाला विश्रांती. ते सोसलं तर दुसऱ्या दिवशी तेवढंच एका तासात. तिसऱ्या दिवशी अर्ध्या-पाऊण तासात. चौथ्या दिवशी सिरिंजनं, १५ ते २० मिनिटांत. कुठल्याही पायरीवर उलटी, पोटफुगी, जुलाब झाले की एक पायरी मागं यायचं आणि तिथं निदान एक दिवस थांबायचं. मागं आलो म्हणजे हरलो असं नसतं. काही जण एका तासाच्या पायरीवरच राहतात आणि घरी उत्तम राहतात.

दुसरी पद्धतही चालते: १०० ते १२० मिलीच्या बोलसनं सुरुवात करून सोसेल तसं दर ८ ते १२ तासांनी ६० मिली वाढवायचं. यात सुरुवातीचे एक-दोन दिवस पोटात कॅलरी कमी जातात. आधीच हाडं वर आलेल्या पेशंटला मी ही पद्धत शक्यतो वापरत नाही.

जो बरेच दिवस जवळजवळ उपाशी होता आणि ज्याचं फीड नुकतंच सुरू झालंय, त्याची गोष्ट निराळी. त्याला एकदम पूर्ण कॅलरी दिल्या तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम घसरतं आणि हृदयावर बेतू शकतं. तिथं रक्त तपासत तपासतच पुढं जातात.

डॉक्टर म्हणाले, 'घरी जाऊन हळूहळू बोलस सुरू करा.' चालेल ना?

नको. यासाठी मी भांडते, आणि पुढंही भांडेन.

एका दवाखान्यातून एका मावशींना संध्याकाळी घरी सोडलं. सकाळपर्यंत त्या पंपावर होत्या, तासाला ५० मिली. कार्डावर लिहिलं होतं: 'दर दोन तासांनी २०० मिली.' त्यांच्या मुलानं मोबाइलवर गजर लावून तसंच दिलं. आता हिशोब करा. आदल्या दिवसापर्यंत १२०० मिली जात होतं आणि कार्डाप्रमाणे दिवसाचं २४०० होत होतं, म्हणजे दुप्पट, तेही मधली एकही पायरी न घेता. रात्री अकराला पहिली उलटी झाली. पहाटे श्वास घरघरायला लागला. दुसऱ्या दिवशी त्या न्यूमोनियानं पुन्हा ॲडमिट. मुलगा मला म्हणाला, "मॅडम, माझंच कायतरी चुकलं बघा." त्याचं काहीही चुकलं नव्हतं. लिहून दिलेलं त्यानं अक्षर न् अक्षर पाळलं होतं.

म्हणून बाहेर पडण्यापूर्वी कागदावर एवढं असायलाच हवं: नळीचं टोक कुठं आहे आणि नाकापाशी कितव्या सेंटिमीटरच्या खुणेवर चिकटवली आहे, एका वेळचं फीड किती, किती मिनिटांत, दिवसातून किती वेळा, प्रत्येक फीडला पाणी किती, इन्सुलिन कधी, आणि अडचण आली तर रात्री कुणाला फोन करायचा. शिवाय तुमच्या हातानं दिलेली निदान चार-पाच फीड सिस्टरांनी शेजारी उभं राहून बघितलेली हवीत. मागून घ्या. संकोच करू नका.

सिरिंजनं देताना दाबायचं किती?

दाबायचंच नाही. ५० मिलीची सिरिंज घ्या आणि तिचा दट्ट्या काढून बाजूला ठेवा. नळी बोटांनी दुमडून धरा, सिरिंज जोडा, आधी ३० मिली कोमट पाणी. मग फीड ओता आणि नळी सोडा. सिरिंज पेशंटच्या पोटापेक्षा वीतभर वर धरली की फीड आपल्या वजनानं उतरतं. एक सिरिंज उतरायला तीन ते चार मिनिटं लागली की वेग बरोबर आहे. भरकन उतरत असेल तर हात खाली घ्या, अडत असेल तर थोडा वर.

सिरिंजमधल्या पातळीकडे बघत राहा. शांत पेशंटच्या सिरिंजमध्ये ती संथ खाली जाते, श्वासागणिक किंचित हलते. पेशंट खोकला, कण्हला, किंवा पोट आवळलं की तीच पातळी उलटी वर चढते. त्या क्षणी नळी दुमडा आणि थांबा. खोकला गेला, चेहरा शांत झाला, की पुन्हा सोडा. ही वर चढणारी पातळी मी प्रत्येक नातेवाइकाला एकदा तरी दाखवतेच, कारण ज्याला बोलता येत नाही तो पेशंट 'थांब' हे असंच सांगतो.

सिरिंज पूर्ण रिकामी होण्याआधी पुढचं ओता, नाहीतर पोटात हवा जाते आणि फुगतं. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी.

झोपवून दिलं तर चालतं का? कमरेला त्रास होतो म्हणून उठवत नाही.

झोपवून कधीच नाही. पाठीचा भाग ३० ते ४५ अंश उचललेला हवा, फीड देताना आणि नंतर निदान अर्धा ते एक तास. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन विटा ठेवल्यात, असं बरेच जण सांगतात. दोन विटांनी खाट जेमतेम पाऊण फूट उचलली जाते. सहा फुटांच्या खाटेला त्यानं जेमतेम सात अंश मिळतात. नुसत्या उशा रचल्या तर मान तेवढी वाकते आणि पोट दाबलं जातं. गादीखाली, कमरेपासून वर, लोड किंवा टेकू घाला म्हणजे पूर्ण पाठ उचलली जाईल. घसरू नये म्हणून गुडघ्यांखाली एक गुंडाळलेली चादर. भाड्यानं फाउलर बेड (पाठीचा भाग वर उचलता येणारी दवाखान्यातली खाट) मिळत असेल तर सुरुवातीचे दोन महिने तरी घ्या. डायपर बदलणं, कूस वळवणं, छातीची फिजिओथेरपी, हे सगळं फीडच्या आधी उरकायचं.

प्रत्येक वेळी आधी ओढून बघायचं का?

दोन गोष्टींसाठी बघायचं. पहिली, नळी जागेवर आहे का. नाकापाशी केलेली खूण तीच आहे का बघा आणि तोंड उघडून घशात नळीची गुंडाळी झाली नाही ना तेही बघा. पोटातला द्राव थोडा ओढून घ्या. तो पीएच पट्टीवर ५.५ किंवा त्याहून कमी आला तर नळी पोटात आहे असं समजतात. नव्यानं घातलेल्या नळीची खात्री एक्स-रेनं. हवा मारून स्टेथोस्कोपनं आवाज ऐकायची पद्धत अजून सगळीकडे दिसते, पण नुसत्या तिच्यावर भरवसा ठेवण्यासारखी ती नाही. नळी श्वासनलिकेत असली तरी आवाज येऊ शकतो.

दुसरी, आधीचं फीड पुढं सरकलं का. अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी २०१६ मध्येच सांगितलंय की आयसीयूत पोटातली शिल्लक नियमित मोजायची गरज नाही, आणि दुसरा काही त्रास नसेल तर ५०० मिलीपेक्षा कमी शिल्लक दिसली म्हणून फीड थांबवू नये. पण तिथं सतत लक्ष ठेवणारी माणसं असतात. घरी, बदलाच्या पहिल्या आठवड्यात, मी प्रत्येक फीडआधी बघायला सांगते. २०० मिलीपेक्षा जास्त निघालं तर ते परत हळू आत सोडायचं, तासभर थांबून पुन्हा बघायचं. दोन वेळा तसंच आलं तर फोन. लाल किंवा कॉफीच्या गाळासारखं काही आलं तर परत सोडायचं नाही, थेट दवाखाना.

साखरेच्या पेशंटला इन्सुलिनचं काय?

हा बदल सगळ्यात जास्त इथं बोचतो. सतत फीडवर साखर साधारण एका पातळीवर चालते आणि इन्सुलिनही त्या बेतानं लावलेलं असतं. बोलसवर प्रत्येक फीडनंतर साखर वर जाते आणि पुढच्या फीडपर्यंत खाली येते. म्हणजे इन्सुलिनची वाटणी पुन्हा करावी लागते, बहुतेकांना फीडच्या आधी थोडं थोडं. ज्या दिवशी पंप बंद झाला त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: जुनाच डोस चालू ठेवायचा का? हे विचारायचं राहिलं आणि रात्रीचं फीड बंद केलं, तर दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनवर पहाटे साखर घसरते. पेशंट बेशुद्धीत असेल तर ते कळतही नाही. फक्त अंग घामानं गार पडतं.

बदलाच्या दिवसांत प्रत्येक फीडआधी साखर तपासा. ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून नळीतून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना कळवा. फीड द्यायचं राहिलं, उलटी झाली, तर फीडसोबतचं इन्सुलिन आपल्या मनानं टोचू नका.

गोळ्या फीडमध्ये कुटून घातल्या तर?

फीडमध्ये नाही. एकेक गोळी वेगळी, बारीक पूड करून पाण्यात, आणि दोन औषधांच्या मध्ये १५ मिली पाणी. आतड्यात विरघळणारं आवरण असलेल्या आणि दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटायच्या नाहीत. नावापुढं एसआर, ईआर, एक्सएल असलं की सावध व्हा आणि डॉक्टरांकडून पातळ औषध किंवा दुसरा पर्याय मागा.

फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर ते फीडबरोबर नीट शोषलं जात नाही. त्याच्या आधी आणि नंतर एक ते दोन तास पोट मोकळं ठेवायला सांगतात. सतत फीडवर यासाठी पंप दरवेळी बंद करावा लागायचा. बोलसवर दोन फीडच्या मधली वेळ आयतीच मिळते. थायरॉइडची गोळीही सकाळी सहाच्या फीडआधी अर्धा-पाऊण तास बसवता येते.

मॅडम, नळीतनं पांढरा रस्सा दिला तर चालंल का? ताकद येईल की!

हा प्रश्न कोल्हापुरात विचारला जाणारच, आणि त्यामागची माया मला कळते. पण नको. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. बारीक वाटलं तरी कण नळीत बसतात आणि एवढ्या स्निग्धतेनं पोट उशिरा रिकामं होतं. नुसतं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, देऊ का, असंही विचारतात. अळणीत चव उतरते, प्रोटीन मात्र बहुतेक मटणाच्या फोडीतच राहतं. डाळीचं वरचं पाणी, नारळपाणी, फळांचा रस, यांचंही तसंच. महिनाभर यावर ठेवलेला माणूस डोळ्यांदेखत वाळतो. किडनीच्या पेशंटला नारळपाण्यातलं पोटॅशियम घातकही ठरू शकतं.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध धडधाकट पैलवानानं प्यावं. नळीवरच्या पेशंटला कच्चं दूध आणि कच्चं अंडं दोन्ही वर्ज्य. म्हशीचं दूध उकळून, साय काढून.

घरचं फीड देता येतं, पण ते मोजून, आहारतज्ज्ञांकडून ठरवून घेतलेलं हवं: अख्खी शिजलेली मूगडाळ, भात किंवा नाचणी, दूध, तेल, साखर, मिक्सरला एकजीव करून दोनदा गाळलेलं. नाचणी मोड आणून दळलेली घ्या. साध्या नाचणीची पेज गार होताना घट्ट होते, मोडाची तेवढी होत नाही. घरचं फीड खोलीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि पावडर कालवलेलं चार तासांपेक्षा. म्हणूनच घरचं फीड पंपावर टांगून चालत नाही, बोलसलाच बरं पडतं. फ्रिजमधलं २४ तासांत संपवा आणि खोलीच्या तापमानाला आणून द्या.

बदल केल्यापासून जुलाब होताहेत. फीड बंद करू?

लगेच बंद करू नका. आधी वेग बघा, बहुतेक वेळा तिथंच चूक असते. मग स्वच्छता: सिरिंज, भांडं, गाळणी प्रत्येक वेळी साबणानं धुऊन कोरडी होतात का? मग औषधं. अँटिबायोटिक आणि गोड पातळ औषधांमधलं सॉर्बिटॉल (गोडीसाठी घातलेला पदार्थ) ही दोन नेहमीची कारणं. फीड अर्ध्या-एक तासाच्या वेगावर न्या. रक्त, ताप, किंवा दिवसात पाच-सहापेक्षा जास्त पातळ जुलाब असतील तर डॉक्टर. उलट बाजूला बद्धकोष्ठही होतं आणि त्यानं पोट फुगून फीड सोसेनासं होतं. शौचाची नोंद वहीत रोज ठेवा.

पाणी वेगळं द्यायचं का?

हो. साधारण किलोमागे ३० मिली, म्हणजे ५५ किलोला १६५० मिली. १४४० मिली फीडमध्ये अंदाजे १२०० मिली पाणी असतं. उरलेलं साडेचारशे सहा फीडमध्ये वाटलं की प्रत्येक वेळी ७५. फीडआधी आणि नंतर मिळून सहज बसतं. कोल्हापूरच्या एप्रिल-मेमध्ये थोडं वाढवावं लागतं. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचा आकडा डॉक्टरांचाच.

रात्री दोनला रोज उठायचं? आम्हीही माणसं आहोत.

आहात, आणि तुम्ही आजारी पडलात तर पेशंटचं कोण बघणार? सगळं स्थिर झालं की रात्री दोनचं फीड काढून पाच वेळा करता येतं: ६, १०, २, ६, १०. मग प्रत्येक वेळचं २४० वरून २९० च्या आसपास जातं. ते दोन-तीन दिवसांत २०-२० मिलीनं वाढवा. रात्री दहाच्या फीडनंतर अकरापर्यंत पेशंट टेकूनच. इन्सुलिन चालू असेल तर ही रात्रीची मोकळीक आधी डॉक्टरांना विचारूनच.

नळी तुंबली किंवा निघाली तर?

तुंबली तर ५० च्याच सिरिंजनं कोमट पाणी, हलक्या हातानं पुढं-मागं, मग पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवून पुन्हा. लहान सिरिंजनं दाब फार पडतो, नळी फुटू शकते. तार घालायची नाही, कोल्ड्रिंक घालायचं नाही.

नाकातली निघाली तर घरी परत घालू नका. पेग निघाली तर भोकावर स्वच्छ गॉज ठेवून लगेच निघा. ते भोक काही तासांत बुजायला लागतं. सोबत निघालेली नळी घ्या, मापासाठी.

फीड चालू असताना ओठ निळसर झाले, धाप लागली, खोकल्यातून फीड आलं, तर फीड थांबवा, नळी बंद करा, पेशंटला एका कुशीवर उंच टेकवा आणि १०८ ला फोन करा.

पावसाळ्यात लाइट जाते, पाणी चढतं. तयारी काय ठेवायची?

बोलसला लाइट लागत नाही, हा त्याचा खेड्यापाड्यांत फार मोठा आधार आहे. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं काय केलं ते आपण बघितलंय. रस्ते बंद, नळाला पाणी नाही. नदीकाठच्या गावात किंवा शहरातल्या पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर जुलैपासून दहा दिवसांची पावडर, दोन जादा सिरिंज, औषधं आणि उकळलेलं पाणी भरून ठेवा. नळीवरचा पेशंट रस्ता चालू असतानाच नातेवाइकांकडे हलवा. कमरेएवढ्या पाण्यातून त्याला टेकवून नेता येत नाही.

बोलस सोसलंच नाही तर?

तर पुन्हा सतत, किंवा मधला मार्ग: दिवसा दोन-तीन बोलस आणि रात्री ड्रिपवर हळू. रात्रभर ड्रिप चालणार असेल तर पाठही रात्रभर उंचच हवी. वजन दर आठवड्याला बघा. खाटेवरच्या माणसाचं करता येत नसेल तर दंडाचा मधला घेर शिंप्याच्या टेपनं मोजून वहीत लिहा. दोन-तीन आठवडे घेर कमी होत गेला तर पोटात जाणारं अपुरं आहे. नाकातली नळी चार-सहा आठवड्यांपेक्षा जास्त लागणार असेल तर पेगचा विषय डॉक्टरांकडे तुम्हीच काढा.

तोंडानं कधी खातील?

गिळण्याची तपासणी झाल्यावर. तोवर चमचाभर पाणीसुद्धा नको. तोंडानं खात नसले तरी दात, जीभ, टाळू दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ करा. घाण तोंडातली लाळ फुफ्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो.

तपासणीत हिरवा कंदील मिळाला की बोलसचा आणखी एक फायदा दिसतो: भूक. दिवसभर थेंबथेंब भरलेल्या पोटाला भूक कळत नाही. चार तास मोकळं राहिलेल्या पोटाला कळते. त्यामुळे तोंडानं सुरुवात फीडच्या आधी करायची, नंतर नाही. दुपारी दोनच्या फीडआधी पंधरा मिनिटं, माणूस पूर्ण जागा आणि ताठ बसलेला असताना, गिळण्याच्या तज्ज्ञांनी सांगितलेल्या दाटपणाचे तीन-चार चमचे. जेवढं तोंडानं गेलं ते वहीत लिहायचं आणि ती नोंद बघूनच फीड कमी करायचं, अंदाजानं नाही. मंगळवार पेठेतल्या आजोबांचं दुपारचं फीड पहिल्यांदा २४० वरून १८० केलं, तेव्हा त्यांनी वाटीभर घट्ट मुगाची खिचडी स्वतः संपवली होती. त्याला पाऊण तास लागला. सूनबाई शेजारी बसून होत्या, घाई न करता.